कचऱ्यातला मुकुट

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला सगळ्यांनाच केमिस्ट्री असते. कम्प्युटरला ॲडमिशन घेतलेल्यांना ती कशासाठी, हे कुणी सांगत नाही आणि आम्हीही कधी विचारलं नाही. त्या लॅबमधला एक प्रयोग मात्र बहुतेकांच्या लक्षात असतो, तो म्हणजे पाण्याचा जडपणा मोजायचा. कोनिकल फ्लास्कमध्ये पाणी घ्यायचं, बफर घालायचा, इंडिकेटरचे दोन थेंब टाकायचे. पाणी वाइनसारखं लाल होतं. मग वरच्या ब्युरेटमधून ईडीटीए थेंबथेंब सोडायचा आणि फ्लास्क हलवत राहायचा. बराच वेळ काहीच होत नाही. मग एका थेंबाला रंग जांभळट होतो आणि पुढच्या थेंबाला एकदम स्वच्छ निळा. रीडिंग लिहायचं, जर्नल सबमिट करायचं, सुटायचं. (मी शेजारच्या मुलीच्या रीडिंगमध्ये ०.१ मिळवून लिहिलं होतं. आता सांगायला हरकत नाही.)

त्या फ्लास्कमध्ये काय चाललं होतं याचा विचार मी त्यानंतर जवळजवळ दहा वर्षांनी केला. इंडिकेटरचा रेणू कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या आयनांना धरून असतो तेव्हा तो लाल दिसतो. ईडीटीएचा रेणू त्याच आयनांना जास्त घट्ट धरू शकतो, म्हणून तो ते इंडिकेटरकडून काढून घेतो. शेवटचा आयन गेला की रिकामा झालेला इंडिकेटर निळा दिसतो. इथपर्यंत आमच्या जर्नलमध्येही होतं. जर्नलमध्ये नव्हतं ते असं: ब्युरेटमधला ईडीटीए हा मुळात सोडियमचा क्षार असतो. म्हणजे सोडियमचे आयन तो स्वतःबरोबर घेऊनच फ्लास्कमध्ये उतरतो, पण त्यांना धरून ठेवत नाही. कॅल्शियम भेटलं की मात्र सोडत नाही.

रेणूला डोळे नाहीत, मेंदू नाही. मग हा कॅल्शियम आणि तो सोडियम, हे त्याला कळतं कसं?

रेणू एकमेकांना कसे ओळखतात, या प्रश्नाला आता सव्वाशे वर्षांहून जास्त इतिहास आहे. त्यातलं मला सर्वात आवडणारं पान एका अशा माणसाचं आहे, ज्याच्याकडे पीएचडी नव्हती आणि ज्याच्या प्रयोगात हवं होतं ते मिळालं नव्हतं, कचरा मात्र मिळाला होता.

*

गोष्ट १८९४ मध्ये बर्लिनला सुरू होते. एमिल फिशर हा साखरेच्या रेणूंवर काम करणारा केमिस्ट. त्याच्याकडे ग्लुकोजपासून बनवलेली दोन संयुगं होती. दोन्हींत अणू तेच, तेवढेच, एकमेकांना जोडलेलेही त्याच क्रमाने. फरक एवढाच, की एका कार्बनवरचा एक छोटा तुकडा एकात एका बाजूला वळलेला आणि दुसऱ्यात दुसऱ्या बाजूला. यीस्टमधून काढलेलं एन्झाइम पहिलं संयुग तोडायचं आणि दुसऱ्याला हातही लावायचं नाही. कडू बदामातून मिळणारं इमल्सिन नावाचं एन्झाइम नेमकं उलटं वागायचं.

फिशरने यावर एक उपमा दिली. एन्झाइम आणि साखर यांचे आकार कुलूप आणि किल्लीसारखे एकमेकांत बसत असले पाहिजेत, तरच काम होईल. गंमत म्हणजे तेव्हा हे कुलूप कशाचं बनलेलं आहे, हेच कुणाला माहीत नव्हतं. एन्झाइम म्हणजे प्रथिन असू शकतं, याचा पहिला भक्कम पुरावा जेम्स समनरने १९२६ मध्ये युरिएज नावाच्या एन्झाइमचे स्फटिक मिळवले तेव्हा हाती आला. फिशरने कुलूप न बघता, कोणत्या किल्ल्या चालतात आणि कोणत्या नाहीत एवढ्यावरून, आत कुलूप आहे हे ओळखलं होतं. दुसऱ्याने लिहिलेला कोड हातात नसताना फक्त इनपुट-आउटपुट बघून आत काय असेल ते ताडण्यासारखं हे काम आहे. ज्यांनी ते केलंय त्यांना त्याची किंमत कळेल.

उपमा इतकी चांगली होती की ती अजून शाळेच्या पुस्तकांत आहे. १९५८ मध्ये डॅनियल कॉशलंडने तिच्यात दुरुस्ती केली. एन्झाइम हे लोखंडी कुलपासारखं ताठ नसतं, साखर आत येताना ते स्वतःही आकार बदलतं, हात आत गेल्यावर हातमोजा बदलतो तसं. पण एक अडचण तरीही उरली. साखरेला निदान काही आकार तरी असतो. सोडियम किंवा पोटॅशियमचा आयन म्हणजे नुसता गोळा. दोघांवर धनभार सारखाच, एक. दोघेही गोल. फरक फक्त मापात. गोळ्याची किल्ली कशी बनवणार?

आणि तरीही आपल्या शरीराला हा फरक बरोबर कळतो. पेशीच्या आत पोटॅशियम जास्त आणि बाहेर सोडियम जास्त, अशी वाटणी प्रत्येक पेशी क्षणोक्षणी सांभाळत असते. हे वाक्य वाचताना तुमच्या मेंदूत जे संदेश धावतायत, ते या दोन आयनांच्या आत-बाहेर जाण्यावर चालतात. म्हणजे शरीराकडे असे रेणू होते. केमिस्ट लोकांकडे मात्र १९६० साल उजाडलं तरी पोटॅशियमला घट्ट धरून ठेवेल असा एकही माणसाने बनवलेला रेणू नव्हता. तांबं, लोह, निकेल यांना धरणारे रेणू ढिगाने होते. सोडियम-पोटॅशियम कुणाशी धड जोडतच नाहीत, असं धरूनच सगळे चालले होते.

*

चार्ल्स पेडरसनचा जन्म १९०४ मध्ये कोरियातल्या बुसान बंदरात झाला. वडील नॉर्वेचे, जहाजावरचे इंजिनिअर, नंतर कोरियातल्या सोन्याच्या खाणीवर नोकरीला लागलेले. आई जपानी, तिचं घराणं व्यापारासाठी कोरियात आलेलं. मुलाचं जपानी नाव योशिओ. आसपास त्याच्यासाठी योग्य शाळा नव्हती, म्हणून आठव्या वर्षी त्याला नागासाकीच्या कॉन्व्हेंटमध्ये पाठवलं आणि दहाव्या वर्षी योकोहामाच्या सेंट जोसेफ कॉलेज या मिशनरी शाळेत. तिथून अमेरिकेत, ओहायोतल्या डेटन विद्यापीठात, केमिकल इंजिनिअरिंगची पदवी. मग एमआयटीतून ऑरगॅनिक केमिस्ट्रीची मास्टर्स. शिक्षक म्हणाले, पीएचडी कर. पण आपला खर्च अजून वडीलच करतायत हे त्याला पटेना. १९२७ मध्ये त्याने ड्यू पाँट कंपनीत नोकरी धरली आणि १९६९ मध्ये निवृत्त होईपर्यंत, म्हणजे बेचाळीस वर्षं, तो तिथेच राहिला.

सुरुवातीच्या कामांपैकी एक होतं पेट्रोलमध्ये घालायचं शिशाचं संयुग, टेट्राएथिल लेड, जास्त चांगल्या रीतीने बनवणं. आज हे वाचताना अवघडल्यासारखं होतं. याच संयुगाच्या विषबाधेने १९२० च्या दशकात न्यू जर्सीतल्या डीपवॉटर इथल्या ड्यू पाँटच्या कारखान्यात कामगार मेले होते आणि पेडरसनची प्रयोगशाळाही डीपवॉटरलाच होती. जगभरच्या गाड्यांच्या धुरातून शिसं पुढे कित्येक दशकं हवेत जात राहिलं. भारतात शिसं घातलेलं पेट्रोल पूर्ण बंद व्हायला २००० साल उजाडावं लागलं. या कामाकडे आपण शेवटी परत येऊ.

त्यानंतर त्याचं बरंच आयुष्य एका कमी झगमगीत विषयात गेलं. पेट्रोल आणि रबर यांत तांब्याचा अगदी पुसटसा अंश असला तरी ते लवकर खराब होतात, कारण तांबं हवेतल्या ऑक्सिजनशी होणारी प्रक्रिया झपाट्याने वाढवतं. पेडरसनने असे रेणू बनवले जे तांब्याच्या आयनाला चारी बाजूंनी धरतात आणि त्याला गप्प बसवतात. वर्षानुवर्षं त्याने हेच पाहिलं: धातू रेणूच्या मिठीत गेला की काय काय बदलतं. रंग बदलतो, कशात विरघळतो ते बदलतं, प्रकाश शोषण्याची पद्धत बदलते. १९४७ मध्ये कंपनीने त्याला संशोधकांसाठीचा सर्वात वरचा हुद्दा दिला. आता कोणता प्रश्न हातात घ्यायचा हे बऱ्याच अंशी तो स्वतः ठरवू शकत होता.

*

१९६१. पेडरसन छप्पन्न वर्षांचा आहे आणि आता डेलावेअरमधल्या विल्मिंग्टनला ड्यू पाँटच्या मोठ्या संशोधन केंद्रात काम करतोय. त्याला हवाय व्हॅनेडियम धातूला धरणारा एक रेणू: मध्ये दोरीसारखी साखळी आणि दोन्ही टोकांना पकडायला एक-एक हात.

कच्चा माल होता कॅटेकॉल. या रेणूला शेजारी शेजारी दोन हात असतात. पेडरसनला त्यातला एकच हात जोडायचा होता, म्हणून त्याने दुसऱ्यावर एक तात्पुरती टोपी घातली. पण टोप्या सगळ्यांना लागल्या नाहीत. सुमारे १० टक्के कॅटेकॉल दोन्ही हात मोकळे असलेलं, तसंच उरलं. पेडरसनला हे ठाऊक होतं. पण त्याला थोडासाच नमुना हवा होता, त्यामुळे शुद्ध करत न बसता त्याने तो माल तसाच वापरला. आपणही 'नंतर बघू' म्हणून एक टूडू लिहून पुढे जातो ना, तसं.

प्रक्रियेनंतर भांड्यात निघाला चिकट, अनाकर्षक राडा. तो शुद्ध करता करता हाताला लागले थोडेसे पांढरे, रेशमासारखे तंतुमय स्फटिक. किती? जास्तीत जास्त जेवढे मिळू शकले असते त्याच्या ०.४ टक्के. हा त्याला हवा होता तो पदार्थ नव्हताच.

इथे बहुतेक लोक स्फटिक फेकून देतात. आणि बहुतेक वेळा त्यांचं बरोबरच असतं, कारण बहुतेक कचरा हा कचराच असतो. पेडरसनने ते तपासले. मेथनॉलमध्ये ते जेमतेम विरघळत होते. त्यात थोडं सोडियम हायड्रॉक्साइड घातल्यावर मात्र सहज विरघळले आणि प्रकाश शोषण्याचा त्यांचा आलेखही बदलला. मोकळे हात असलेला फिनॉल असता तर अल्कलीत असं काहीसं होणं समजू शकलं असतं. पण या पदार्थाला मोकळे हात नव्हते. मग त्याने अल्कली नसलेले सोडियमचे साधे क्षार घालून पाहिले. तरीही स्फटिक विरघळले. म्हणजे ही करामत अल्कलीची नव्हती, सोडियमची होती.

जो सोडियम कुणाशी जोडत नाही, तो!

रेणूचं वजन मोजल्यावर उरलेला उलगडा झाला. पेडरसनच्या अंदाजाच्या ते बरोबर दुप्पट निघालं. टोपी न लागलेल्या, दोन्ही हात मोकळ्या कॅटेकॉलच्या दोन रेणूंनी दोन साखळ्यांशी हातमिळवणी करून एक कडं तयार केलं होतं. अठरा अणूंचं कडं, त्यात बारा कार्बन आणि ठरावीक अंतरावर सहा ऑक्सिजन. ऑक्सिजनवर थोडासा ऋणभार असतो. ते सहाही जण आत तोंड करून बसू शकतात आणि मधल्या भोकात धनभाराचा सोडियम जाऊन बसतो.

रेणूचं मॉडेल हातात घेतल्यावर ते पेडरसनला डोक्यावर ठेवलेल्या मुकुटासारखं दिसलं. शिवाय मुकुट घालता येतो तसा काढताही येतो, आयनाला काही इजा न होता. नियमाप्रमाणे या रेणूचं नाव एका श्वासात म्हणता येणार नाही इतकं लांब होतं. पेडरसनने सरळ क्राउन म्हटलं. डायबेन्झो-१८-क्राउन-६: कड्यात अठरा अणू, त्यातले सहा ऑक्सिजन. व्हेरिएबलला इतकं चांगलं नाव देणारा माणूस माझ्या टीममध्ये असता तर बरं झालं असतं.

मग त्याने तो रेणू मुद्दाम बनवून पाहिला. मोठं कडं बनवणं अवघड, कारण साखळीची दोन टोकं एकमेकांना सापडण्याआधी दुसऱ्याच कुणाशी जोडली जातात. इथे मात्र कडं चाळीस टक्क्यांहून जास्त प्रमाणात तयार होत होतं. पुढे लक्षात आलं, की भांड्यातला आयनच मध्ये बसून साखळीला आपल्याभोवती गोळा करत होता. घर बांधायला पाहुण्यानेच मदत केली होती.

*

पुढची काही वर्षं पेडरसन क्राउन बनवत राहिला. १९६७ मध्ये त्याचा सविस्तर शोधनिबंध आला. त्यात तेहतीस कडी होती, नऊ अणूंच्या छोट्या कड्यापासून साठ अणूंच्या मोठ्यापर्यंत, आणि ती कोणकोणत्या धातूंना धरतात याची यादी. लेखक एकच: चार्ल्स पेडरसन. त्याच वर्षी त्याने हे काम एका आंतरराष्ट्रीय परिषदेत मांडलं. परिषद होती जपानमध्ये, निक्कोला. योकोहामाच्या शाळेत वाढलेला योशिओ आता त्रेसष्टीला आला होता.

हे वाचून मलाही आधी वाटलं होतं, की उत्तर सोपं आहे. भोकाच्या मापाचा गोळा आत बसतो, लहान-मोठा बसत नाही, संपलं. आकडेही तसेच दिसतात. १८-क्राउन-६ चं भोक साधारण २.६ ते ३.२ अँगस्ट्रॉम रुंद आहे (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग). पोटॅशियमच्या आयनाचा व्यास सुमारे २.७, सोडियमचा सुमारे २. मेथनॉलमध्ये हा मुकुट पोटॅशियमला सोडियमपेक्षा सुमारे पन्नासपट घट्ट धरतो. बरोबर मापाचा बूट.

पण मग १५-क्राउन-५ बघा. त्याचं भोक लहान, जवळपास सोडियमच्या मापाचं. बुटाचा नियम खरा असता तर त्याने सोडियमला झुकतं माप द्यायला हवं होतं. मेथनॉलमध्ये ते तसं देत नाही. दोघांनाही साधारण सारखंच धरतं.

कुलूप-किल्लीची उपमा इथे अपुरी पडते, कारण कुलूप रिकामं असतं आणि किल्ली मोकळी असते. द्रावणात कुणीच मोकळं नसतं. पाण्यातल्या किंवा मेथनॉलमधल्या प्रत्येक आयनाभोवती त्या द्रवाच्या रेणूंचा गराडा असतो, ऑक्सिजनची बाजू आयनाकडे करून. मुकुटात शिरायचं तर आयनाला हा गराडा सोडून यावं लागतं. सोडियम लहान, त्यामुळे त्याचा भार एकवटलेला आणि गराड्याची पकड जास्त पक्की. त्याला घर सोडायला जास्त किंमत पडते. नव्या घरातल्या ऑक्सिजनांनी ती भरून द्यायची असते. 'कोण बसतं?' हा प्रश्न म्हणूनच अर्धवट आहे. पुरा प्रश्न असा: जे सोडून यावं लागतं त्याच्या बदल्यात मिळतं ते पुरेसं आहे का?

शरीरातलं कोडंही याच प्रश्नाने सुटतं. पेशीच्या आवरणात पोटॅशियमसाठी खास दारं असतात. त्यांतून पोटॅशियम जातो आणि त्याच्याहून लहान असलेला सोडियम अडतो. दार मोठ्याला सोडतं आणि लहानाला अडवतं, हे कसं? १९९८ मध्ये रॉडरिक मॅकिनन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अशा एका दाराची रचना दाखवली. दाराच्या अरुंद भागात ऑक्सिजन अशा अंतरावर ओळीने बसलेत, की पोटॅशियमला वाटावं आपण अजून पाण्यातच आहोत. जे सोडलं त्याची पुरेपूर भरपाई. सोडियम लहान असल्याने त्या ऑक्सिजनांपर्यंत त्याचा नीट हात पोचत नाही, त्याचा सौदा तोट्याचा ठरतो आणि तो पाण्यातच राहतो. दहा हजार पोटॅशियममागे एखादाच सोडियम निसटतो.

*

पेडरसनचा शोधनिबंध वाचून दोन ठिकाणी दोन माणसं कामाला लागली. फ्रान्समध्ये स्ट्रासबूर्गला ज्याँ-मारी लेन होता. मज्जासंस्थेतल्या सोडियम-पोटॅशियमच्या कामात त्याला रस होताच. त्याने सपाट कड्याऐवजी सगळीकडून बंद होणारा पिंजरा बनवला, १९६९ मध्ये. योग्य मापाचा पिंजरा पोटॅशियमला मुकुटापेक्षा हजारो पट घट्ट धरत होता.

दुसरा होता लॉस एंजेलिसचा डोनाल्ड क्रॅम. त्याने विचारलं, की मुकुट तरी आधीपासून मुकुट असतो का? नसतो. आयन नसताना ते कडं बऱ्यापैकी लुळं असतं, काही ऑक्सिजन बाहेर वळलेले, भोक चपटं झालेलं. आयनाला धरण्याआधी त्याला स्वतःला सावरावं लागतं, ऑक्सिजन आत वळवावे लागतात, अंगाला चिकटलेला द्रव झटकावा लागतो. या प्रत्येक गोष्टीला ऊर्जा लागते आणि ती पकडीतून वजा होते. मग क्रॅमने असा गोल रेणू बनवला ज्याला लुळं पडताच येत नाही. सहा ऑक्सिजन जन्मापासून आत तोंड करून, पोकळी कायम उघडी, द्रवाला आत शिरायला जागा नाही. मग त्याने तेच भाग वापरून, फक्त कडं न जोडता, एक मोकळी साखळी बनवली आणि दोघांची तुलना केली. लिथियमला धरण्यात फरक पडला एकावर बारा शून्यांहून जास्त पटींचा.

भाग तेच. ऑक्सिजन तेवढेच. फरक फक्त हा, की एकाची तयारी आधी झालेली आणि दुसऱ्याची ऐन वेळेला. तयारीचा खर्च कुठे गेला? तो रेणू बनवतानाच, प्रयोगशाळेत, कित्येक पायऱ्यांच्या कष्टात भरून झाला होता. ओळख क्षणात पटते, पण तिची किंमत आधीच चुकवलेली असते.

क्रॅमने हे रेणूंबद्दल दाखवलं. मला ते वाचताना सारखा पेडरसन आठवत होता. त्या ०.४ टक्के स्फटिकांवर सोडियम टाकल्यावर काय झालं हे त्याला चटकन कळलं, कारण तीस वर्षं तो दुसरं काय बघत होता? धातू रेणूत जाऊन बसला की विरघळणं बदलतं, आलेख बदलतो. तांब्याच्या बाबतीत त्याने ते असंख्य वेळा पाहिलेलं होतं. पीएचडी नसलेल्या माणसाला नशिबाने शोध लागला, अशी ही गोष्ट सांगितली जाते तेव्हा ही तीस वर्षं गाळली जातात. आणि आणखी एक गोष्ट गाळली जाते: स्फटिक फालतू निघाले असते तरी चाललं असतं, एवढी मोकळीक त्याला नोकरीत होती.

*

हे सगळं मी वाचायला का घेतलं ते सांगते.

मी पूर्वी जिथे काम करायचे तिथे आमची सिस्टिम लोकांचे पत्ते दोन ठिकाणांहून घेऊन जुळवून बघायची. हजारात तीन-चार पत्ते जुळायचे नाहीत. आम्ही कारण लिहिलं, 'युजरने चुकीचं टाइप केलं', आणि तिकीट बंद केलं. त्या लोकांना मेसेज जायचा, तुमचा पत्ता चुकीचा आहे, पुन्हा भरा. ते पुन्हा भरायचे. पुन्हा तोच मेसेज.

काही महिन्यांनी टेस्टिंगला एक ताई आल्या. त्या आधी दहा वर्षं एका छापखान्यात मराठी डीटीपी करायच्या. कम्प्युटरची पदवी नाही, कोर्स करून आलेल्या. त्यांनी न जुळलेल्या पत्त्यांची यादी मागितली आणि पाचेक मिनिटांत म्हणाल्या, "अगं, ही सगळी कऱ्हाड-वऱ्हाडवाली माणसं आहेत."

मी पाहिलं. एका बाजूला कऱ्हाड, दुसऱ्या बाजूला कऱ्हाड. अगदी सारखं. ताईंनी समजावलं. हा अर्धा 'ऱ' कम्प्युटरमध्ये एकाहून जास्त प्रकारे साठवता येतो. त्याला स्वतःचा वेगळा कोड आहे, किंवा साधा र आणि खाली नुक्ता देऊन, किंवा र चा पाय मोडून पुढे एक न दिसणारं चिन्ह घालून. स्क्रीनवर सगळे एकच दिसतात. आमच्या प्रोग्रॅमला ते वेगळे शब्द होते. एक फाँट बदलून दुसरा लावताना हा ऱ किती छळतो, हे त्यांनी छापखान्यात शेकडो वेळा भोगलं होतं.

दुरुस्ती चार ओळींची होती. पण तोपर्यंत काही लोकांना आम्ही महिनोन्‌महिने सांगत होतो, की तुम्हाला तुमच्या गावाचं नाव नीट लिहिता येत नाही. आणि ते तिकीट बंद करणारी मी होते. आडनावात ऱ नसल्यामुळे मला कधी काही खटकलंच नव्हतं.

*

आता शिशाकडे. शिसं विषारी का, तर शरीरातले काही रेणू त्याला ओळखण्यात चुकतात. रक्तातला लाल रंग बनवायच्या साखळीत एक एन्झाइम आहे, ज्याला जस्त लागतं. शिसं जस्ताच्या जागी जाऊन बसतं आणि काम बंद पाडतं. काही ठिकाणी ते कॅल्शियमच्या वेषात शिरतं आणि हाडांत वर्षानुवर्षं मुक्काम करतं. आणि गंभीर विषबाधा झाली तर दवाखान्यात शिरेतून जी औषधं देतात त्यांतलं एक आहे ईडीटीए. तोच, आमच्या ब्युरेटमधला. फक्त औषधाच्या रूपात त्याच्या हातात आधीच कॅल्शियम दिलेलं असतं, नाहीतर तो रक्तातलं कॅल्शियम ओढून घेईल. शिसं भेटलं की तो कॅल्शियम सोडतो, शिसं धरतो आणि लघवीवाटे बाहेर पडतो.

पेडरसनच्या १९६७ च्या यादीत, क्राउन ज्या धातूंना धरतो त्यांच्यात, शिसंही आहे. ते नाव लिहिताना त्याला आपलं जुनं काम आठवलं असेल का, हे कळायला काही मार्ग नाही.

१९८७ मध्ये पेडरसन, लेन आणि क्रॅम यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. पेडरसन त्र्याऐंशी वर्षांचा होता, पत्नी चार वर्षांपूर्वी गेली होती, स्वतःला रक्ताचा कॅन्सर होता. त्यानंतर दोन वर्षांनी, १९८९ च्या ऑक्टोबरमध्ये, तो न्यू जर्सीतल्या सेलम या आपल्या गावी वारला.

माझं पहिल्या वर्षाचं जर्नल अजून घरी माळ्यावर आहे. मागच्या सुट्टीत काढून पाहिलं. रीडिंग एक, रीडिंग दोन, रीडिंग तीन, तिन्ही छान जुळणारी, खाली सरांची सही. खरं रीडिंग किती आलं होतं ते मी कुठेच लिहून ठेवलेलं नाही.